आधी काय उचलायचंय ते सांग

४ फेब्रुवारी

भिंगरे,

स्क्वॉट चांगला की डेडलिफ्ट चांगली?

एवढंच विचारायचं होतं. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. खुशाली विचारत नाही, विचारली तरी तू सांगणार नाहीस. पण तुझ्या विषयातलं कुणी चुकीचं बोललं तर तुला गप्प बसवत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी रुसून पलंगाखाली जाऊन बसायचीस, आणि मी मुद्दाम मोठ्याने चुकीचा पाढा म्हटला की खालूनच ओरडायचीस, "चुकलं!"

तर ऐक. मी जिमला जाते. हसू नकोस. तुझ्याच जुन्या जिमला. तुझी मैत्रीण बारकी आता तिथे शिकवते. दारातून आत येताना अजूनही आधी एक खांदा आत आणते आणि मग बाकीची येते. मला बघून म्हणाली, "काकू, वाट चुकलात का?" मी म्हटलं, नाही गं, कंबर गेलीय. सगळा जन्म शिवणयंत्रावर वाकून काढला, आता जरा सरळ व्हायचंय.

तिने पहिल्या दिवशी वजनाला हातसुद्धा लावू दिला नाही. पाठीला झाडूची काठी लावली आणि म्हणाली, डोकं, पाठ आणि माकडहाड काठीला चिकटलेलं ठेवून वाका. मी वाकले की काठी सुटायची. इतकी वर्षं लोकांच्या पाठींची मापं घेतली, पण माझी पाठ नेमकी कुठे वाकते ते मला तेव्हा कळलं. मग बैठका. तुझ्या भाषेत स्क्वॉट. खाली जाताना वाटतं, झालं, आता गेले. वर येताना गुडघ्यांतून जुनं कुलूप उघडल्यासारखा आवाज येतो.

बारकी म्हणते दोन्ही करायचं. मला दोन्हीला वेळ नाही. कुठल्या एकाने अंगात ताकद लवकर येईल? मला घाई आहे. म्हणजे तशी घाई नाही.

आणखी एक. जिममधल्या लोखंडी बारला धरायला जागा असते. पण समजा एखादी वस्तू माझ्याहून जड आहे, तिला धरायला कुठेच काही नाही, आणि उचलता उचलता ती मध्येच एका बाजूला कलंडते, तर कुठे धरायचं? समजा, पोतं.

बाबा ठीक आहेत. घरीच असतात.

तुझी,
आई


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

आलं तुझं कार्ड. सुरुवातीला "आई" नाही, शेवटी नाव नाही, मध्ये सगळा मजकूर चढत्या ओळीत. पण आलं. जिन्यातच उभी राहून वाचलं आणि मग वर येऊन पुन्हा वाचलं.

तू लिहिलंस की दोघांत स्पर्धा नसते. स्क्वॉटमध्ये ओझं आधीच आपल्या खांद्यावर असतं, ते घेऊन आपण खाली जातो आणि वर येतो. त्यात मांड्यांचं काम जास्त. डेडलिफ्टमध्ये ओझं जमिनीवर मेल्यासारखं पडलेलं असतं आणि ते आपण उचलतो. त्यात पाठ, कुल्ले, मांड्यांची मागची बाजू आणि मूठ. आणि शेवटी, "एकच करायचं असेल तर आधी काय उचलायचंय ते सांग. घरात पोतं कशाला?"

पोतं कुठलं गं. उदाहरण दिलं. कापडाचे तागे असतात ना दुकानात, ते वरच्या फळीवर टाकायचे असतात. तूच म्हणायचीस की मी हमालासारखी वाहते.

आता माझं मत सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. मला डेडलिफ्ट आवडली. बारकीने आता बारला दोन्ही बाजूंनी छोट्या प्लेटा लावल्यात. ती म्हणते, वर ओढू नका काकू, पायांनी जमीन खाली ढकला. हे वाक्य मला फार पटलं. बार नडगीला घासत वर येतो, एका ठिकाणी वाटतं की नाही येणार, आणि मग येतो. आणि नाही आला तर? सोडून द्यायचा. धाडकन आवाज होतो, लोक वळून बघतात, संपलं. स्क्वॉटची मला भीती वाटते ती यासाठीच. तिथे ओझं मानेमागे. तळाशी गेल्यावर पाय थरथरायला लागले तर ते टाकायचं कुठे? बारकी मागे उभी असते, पण माझ्या मागे नेहमीच कुणी उभं असेल असं थोडंच

थांब, हाक आली.

हं. कुठे होते मी? स्क्वॉट. तर ते जाऊ दे. मला सांग, डेडलिफ्ट करणाऱ्याला समोरून, म्हणजे एखाद्याच्या काखेत हात घालून उचलायचं असेल तर तीच पद्धत का? पायांत किती अंतर? आणि

परत हाक आली. मी हे पत्र सकाळपासून तीनदा ठेवलंय. यंत्रावर अर्धी पॅंट तशीच पडलीय, गिऱ्हाईक येऊन गेलं. हल्ली माझं कुठलंच काम एका बैठकीत होत नाही. बसले की वाटतं उठावं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. तू भिंगरी, आणि गरगरतेय मी.

उत्तर पाठव.

आई


६ मार्च

भिंगरे,

या वेळी एकच ओळ. "ताग्याला हाक मारता येते का, आई? बाबांना काय झालंय?"

बरं. ऐक मग.

डिसेंबरात, भर दुपारी. मी यंत्रावर होते. हे दाढी करत होते. नळ चालूच राहिला, म्हणून मी बसल्या जागेवरून ओरडले, "पाणी फुकट येतं का?" उत्तर आलं नाही. गेले तर हे बेसिनखाली, अर्ध्या गालाला साबण तसाच. डोळे उघडे. तोंड एका बाजूला सरकलेलं. अर्धांगाचा झटका.

दवाखान्यात वेळेत पोचलो म्हणून वाचले. बोलणं हळूहळू सुटं झालं, आता जवळजवळ पूर्वीसारखं आहे, म्हणजे तिखट. डावा हात आणि डावा पाय मात्र रुसलेत. पाय टेकतो, पण भार घेत नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, संडासातून परत. हे सगळं मी करते. तुझी आत्या सकाळी तासभर येऊन बसते, तेवढ्यात मी जिमला पळते. तिला वाटतं मी दळायला टाकायला जाते.

आणि तुला का नाही कळवलं? जीभ सुटल्यावर तुझे बाबा पहिलं सबंध वाक्य काय बोलले माहीत आहे? "तिला कळवायचं नाही." पाणी मागितलं नाही, माझं नाव घेतलं नाही. हे वाक्य. मला हात धरून शपथ घ्यायला लावली, तीही उजव्या हाताने इतकी घट्ट की बोटं पांढरी पडली.

कारण तुला माहीतच आहे. तू त्यांच्याच मोजणी खात्यातली नकाशांच्या टेबलावरची नोकरी सोडून, जिममध्ये वजनं उचलायला-शिकवायला जायचं म्हणून बॅग घेऊन दारात उभी होतीस. ते म्हणाले, "ओझी उचलायला हमाल मिळतात. माझ्या घरात हमाल नको." आणि तू म्हणालीस, "मग तुमचं ओझं माझ्यावर कधी टाकू नका." दोघांचा आवाज एकसारखा. मी मधे उभी होते, हातात तुझ्या डब्याचं झाकण. ते मला कुठे ठेवू तेसुद्धा कळत नव्हतं.

आता तू म्हणशील, आई, तू तीन महिने लपवलंस, वर खोटं लिहिलंस. लिहिलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला राग आलाय. तुम्ही बापलेक एकमेकांचे शब्द इस्त्री करून घडी घालून ठेवता, आणि प्रत्यक्षात उचलायची वेळ येते तेव्हा हात माझे.

व्यायाम शिकवायला दवाखान्यातून एक जण येत असे. चांगला होता बिचारा. त्याने "एक... दोन..." म्हटलं की यांचा पारा चढायचा. "मी बालवाडीत नाही, मोजता मला येतं. आयुष्यभर दुसरं काही केलं नाही." तो यायचा बंद झाला. आता हे दिवसभर खिडकीजवळ खुर्चीत बसतात आणि समोरच्या इमारतीची भिंत तिरकी आहे असं म्हणतात.

काल पलंगावरून घेताना ते मध्येच कलंडले आणि माझ्या कंबरेत लचक भरली. उभं राहून लिहितेय. बसता येत नाही.

तू ये असं मी म्हणत नाहीये. मी फक्त विचारतेय, कसं उचलू?

आई


२१ मार्च

भिंगरे,

लिफाफा आला, चक्क दोन्ही बाजूंनी लिहिलेली पानं. वर "आई" लिहिलंस. बघितलं मी.

पहिलंच वाक्य वाचून मी तुझ्यावर चिडले. "उचलू नकोस." अगं, मी विचारते काय, तू सांगतेस काय! पुढचं वाचायला दुपार गेली. मग कळलं.

तुझं म्हणणं असं की माणूस म्हणजे बार नव्हे, तो निम्म्यात वळतो, घाबरतो, मान धरतो. शिवाय मी जितकं उचलीन तितके त्यांचे पाय विसरत जातील. डेडलिफ्ट माझ्यासाठी चालू ठेव, कंबरेसाठी, पण घरात त्याचा उपयोग बादली उचलण्यापुरता. बाबांना मात्र स्क्वॉट हवा. आणि स्क्वॉट म्हणजे काय, तर खुर्चीतून उठणं. खुर्चीखाली फळ्या घालून ती उंच कर, पाय मागे घ्यायला सांग, नाक पायाच्या बोटांच्या पुढे, मग उठणं. तू त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहा, कमरेच्या पट्ट्याला हात ठेव, पण ओढू नकोस. जमायला लागलं की एक एक फळी काढायची. म्हणजे खाली, आणखी खाली. तू लिहिलंस, "आम्ही जिममध्येही हेच करतो. लोकांना वाटतं वजन वाढवणं कठीण. खोल जाणं जास्त कठीण असतं."

मी फळ्या घातल्या. यांनी लगेच ओळखलं. खुर्ची बोटभर हलली तरी या माणसाला कळतं.

"ही कोणाची अक्कल?"

"बारकीची."

"कोण बारकी?"

"जिमवाली."

"तू जिमला जातेस?" मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "तरीच दळण इतक्या वेळा."

पण उठायला तयार नाहीत. "मला कवायत नको. तू धर, मी उठतो. चाललंय ना?" मी म्हटलं, नाही चाललंय, वजन वाढवणं सोपं, खोल जाणं कठीण असतं. तर तोंड फिरवून भिंतीकडे.

आता परवाची गोष्ट. सकाळी न्हाणीघराच्या दारात यांचा पाय मुडपला. मी पट्टा धरला होता, ओढायचा मोह झाला, तुझं वाक्य आठवलं, आणि तेवढ्यात आम्ही दोघंही हळूहळू, अगदी सावकाश, जमिनीवर बसलो. पडलो म्हणता येणार नाही. बसलोच. मी उंबऱ्यावर, हे माझ्या पायांवर.

लागलं नाही कुणाला. पण उठणार कसं? मी हात घातले काखेत, बारकीने शिकवल्यासारखी पाठ सरळ केली, पायांनी जमीन ढकलली. जमीन ढकलली गेली नाही. दुसऱ्यांदा पण नाही. आत्या यायला वेळ होता. फोन आतल्या खोलीत. मी टेकले दाराला. आणि काय सांगू, मला हसू फुटलं. इतके दिवस लोखंड उचलतेय आणि एक नवरा उचलवत नाही.

हे आधी रागावले. मग म्हणाले, "किती उचलतेस तू तिथे?"

मी सांगितलं.

"खोटं."

"बारकीला विचारा."

पाठीमागे नळ टपटपत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिने आणखी काय लिहिलंय?"

"कोणी?"

"नाटकं करू नकोस. बारकी 'खोल जाणं' असले शब्द बोलत नसणार. आणि तू जिन्यात उभी राहून वाचतेस ते मला खिडकीतून दिसतं."

मग मी तुझ्या पत्रातलं जमिनीवरून उठायचं सांगितलं, आठवेल तसं. आधी कुशीवर. मग उजव्या गुडघ्यावर. मग स्टुलावर उजवा हात. स्टूल मी पायाने ओढत आणलं. कुशीवर होण्यातच घामाने भिजले. गुडघ्यावर आल्यावर म्हणाले, "थांब, श्वास घेऊ दे." मग स्टूल धरलं. मी पट्ट्याला नुसता हात लावून होते, देवाशपथ नुसता. आणि आले वर. स्टुलावर बसले आणि अशी शिवी घातली, कोणाला ते कळलं नाही. मला वाटतं तुलाच. पण चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी म्हणाले, "त्या फळ्या सारख्या जाडीच्या नाहीत. खुर्ची डावीकडे कलते. नीट कर, मग बघू."

आई


२ मे

भिंगरे,

तू गेलीस त्याला आता तीन दिवस झाले. फोन केला असता तर पुन्हा भांडण झालं असतं, म्हणून लिहिते. तू घरातच होतीस, पण तुझी पाठ होती तेव्हाचं तुला दिसलं नाही. ते सांगायचंय.

तू न कळवता आलीस. मी दार उघडलं आणि पहिल्यांदा खांदे दिसले, मग तू. मला तुला जवळ घ्यायचं होतं आणि तू आधी विचारलंस, "खुर्ची कुठंय?" अगदी बापावर गेलीस.

तेव्हा हे खुर्चीतच होते. तुझा आवाज ऐकला आणि उजव्या हाताने केस सारखे केले. तू बूट काढत होतीस, तुला नाही दिसलं.

मग ते तुमचं बोलणं. तू मला सांगायचीस, "आई, त्यांना सांग, पाय आणखी मागे." हे म्हणायचे, "मला ऐकू येतं. कान शाबूत आहेत." "आई, त्यांना सांग, घाईने वर यायचं नाही." "तिला सांग, मला गाडी पकडायची नाहीये." मी मधे उभी राहून एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. मला दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटत होती. पण त्या बोलण्यातच ते उठायला लागले. पहिल्या दिवशी फळ्यांवरून, दुसऱ्या दिवशी एक फळी काढून. तू स्वयंपाकघरात गेलीस तेव्हा मला हळूच म्हणाले, "हिला येतं गं काम."

आणि मग तिसरा दिवस.

तू सगळ्या फळ्या काढल्यास. मला वाटतं, घाई केलीस. हे अर्ध्यात आले आणि अडकले. मांडी अशी थरथरत होती की पॅंटचं कापड हलत होतं. "धर," म्हणाले. तू हात पट्ट्याच्या जवळ ठेवलास, लावला नाहीस. "धर ना!" मी पुढे झाले तर तू मला दुसऱ्या हाताने अडवलंस. माझ्याच घरात, मला. आणि ते धपकन खुर्चीत पडले.

"याच्यासाठी आलीस?" ते ओरडले. या वेळी मधे मी नव्हते, थेट तुला. "बघत उभी राहायला?"

"हो," तू म्हणालीस. "बघत उभं राहणं हेच माझं काम आहे. स्पर्धेत मागच्याने बारला बोट लावलं की ती उचल धरत नाहीत. मी तुम्हाला उचललं तर तुम्ही उठलात असं होत नाही, बाबा."

"मला स्पर्धा जिंकायची नाही. मला संडासाला जायचंय."

"तेच म्हणतेय मी."

"मग जा. जा तू."

आणि तू गेलीस. चहा ओतलेला तसाच. मी जिन्यापर्यंत आले, तू म्हणालीस, "मी चुकले नाही, आई." मला तुझा राग आला होता. थोडा अजून आहे. बरोबर कोण, चूक कोण ते मला नको, पण माणूस घाबरलेला असतो तेव्हा त्याला आधी आपण इथे आहोत हे सांगावं, मग शिकवावं. तू हात इतका जवळ ठेवला होतास, की ते पडले असते तर धरलं असतंस. मला दिसत होतं. त्यांना नव्हतं दिसत. तो हात त्यांच्या पाठीमागे होता.

हे मी त्यांना सांगितलं. तू गेल्यावर, भांडी घासता घासता, पाठमोरी राहून. "ती हात लावून नव्हती, पण हात तिथेच होता. वीतभरावर. सगळा वेळ."

दिवसभर रेडिओसुद्धा लावला नाही.

काल सकाळी आत्या म्हणाली, "फळ्या परत घालू का रे खुर्चीखाली?" तर म्हणाले, "राहू दे."

तेवढंच. यातून काही अर्थ काढू नकोस, मीही काढत नाही. माझं कशात लक्ष लागत नाही. आज एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या.

आई


१३ मे

भिंगरे,

हे पत्र जिममधल्या बाकावर सुरू केलं होतं आणि आता घरात पुरं करते. मधे काय झालं ते ऐक.

आज मी इतकं वजन उचललं की बारकीने दोघा-तिघांना बोलावून दाखवलं. आकडा सांगत नाही, तुला हसू येईल. पण माझ्यासाठी होतं. उचलून उभी राहिले तेव्हा माझ्या मनात आलं, हे मी आता कशासाठी करतेय? यांना उचलायचं तर नाहीच आहे. मग कळलं, मला आवडतं म्हणून. घरातलं कुणी हाक मारत नाही असा तास. बार खाली ठेवला, सावकाश, टाकला नाही.

बाहेर पडले तर आत्याचा निरोप. तिचा दात ठणकत होता, ती दाखवायला निघून गेली होती. म्हणजे हे घरात एकटे. मी धावत सुटले. घामाचे कपडे, हातात चपला बदलायची पिशवी, रस्त्यात कुणाला धक्का लागला त्याला सॉरीसुद्धा म्हटलं नाही. जिना दोन-दोन पायऱ्या चढले. तेवढं मात्र स्क्वॉटचं देणं. दारात पोचले आणि किल्ली नाही. किल्ली आत, खिळ्याला. आत्याने जाताना दार ओढून घेतलेलं, लॅच आपोआप लागलेलं.

मी बेल वाजवली. का वाजवली? कोण उघडणार होतं? हाताला सवय. मग दारावर कान लावला आणि ओरडले, "ऐकलंत का? मी बाहेर आहे! किल्लीवाल्याला आणते, तुम्ही हलू नका!"

आतून आवाज आला, "थांब."

"अहो, हलू नका म्हणते ना!"

"थांब म्हटलं ना!"

मग खुर्ची करकरली. मग काहीच नाही. मग पुन्हा करकरली, आणि जोरात श्वास सोडल्याचा आवाज. मला ओळखीचा होता तो. बसले होते परत. मी दाराला दोन्ही हात टेकून उभी. मला ओरडावंसं वाटत होतं, राहू दे, नको, बसा. जीभ दातांत धरली, खरोखर धरली. तुझा हात आठवला मला, वीतभरावरचा. आणि कळलं गं, किती जड असतं ते. हात तसा ठेवणं. बार परवडला.

तिसऱ्यांदा खुर्ची करकरली आणि नंतर धपकन आवाज आला नाही.

मग काठी. चार पायांची ती काठी फरशीवर टेकली की खट वाजते. खट. मग पाय ओढल्याचा आवाज. मग पुन्हा खट. शेजारचा दरवाजा उघडून कुणीतरी बघत होतं, मी त्यांना हातानेच गप्प केलं, ते काही बोलत नव्हते तरी. खोली ती केवढी! पण इतकी लांब मला कधी वाटली नव्हती. मधेच आवाज थांबला. मी म्हटलं, "आहात ना?" आतून, "कुठे जाणार?"

लॅच उघडायला वेळ लागला, एकाच हाताने उघडायचं ना, आणि त्या हातात काठी. काठी भिंतीला टेकवली असणार. दार आत उघडतं, म्हणजे त्यांना मागे सरकायला हवं होतं. सरकले.

दार उघडलं. उभे होते. शर्टाची बटणं खालवर लागलेली, कपाळावर घाम, डावा पाय थरथरतोय, आणि खांदा चौकटीला टेकलेला. मी धरायला पुढे झाले नाही. कसं जमलं मला कुणास ठाऊक. मी नुसती उभी राहिले.

आम्ही दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना.

मग म्हणाले, "तिला लिही."

मी म्हटलं, "काय लिहू?"

"उठलो म्हणून लिही." दम खाल्ला. "आणि खुर्चीचा हात धरला होता, तेही लिही. दोनदा बसलो तेही. उगाच फुगवून सांगू नकोस."

तर लिहिलं.

आई